पाळीव श्वानांचा संधिशूल आणि सुवर्णकण-रोपण : वैद्यांच्या दृष्टीतून एक विवेचन

आयुर्वेद हे जसे मनुष्याच्या आरोग्याचे शास्त्र आहे तसेच ते प्राणिमात्राच्या आरोग्याचेही आहे, असे आपण व्यासपीठांवरून नेहमी सांगतो. शालिहोत्रांची अश्वचिकित्सा, पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद, जयदत्तांचे अश्ववैद्यक ही नावे त्या प्रसंगी अभिमानाने घेतली जातात. प्रत्यक्ष चिकित्सालयात मात्र या विषयाची गाठ वेगळ्या प्रकारे पडते. गुडघेदुखीचा रुग्ण स्वतःचे औषध घेऊन झाल्यावर सहज विचारतो, "वैद्यराज, आमच्या घरचा लॅब्रेडॉर हल्ली जिना चढत नाही. त्याला योगराज गुग्गुळ चालेल का?" अलीकडे या प्रश्नाला आणखी एक जोड मिळाली आहे. "परदेशात म्हणे कुत्र्यांच्या सांध्यांत सोने बसवतात आणि दुखणे जाते. आपल्या सुवर्णभस्माचेच ते रूप ना?"

हा प्रश्न वैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना दोघांनाही विचारला जातो. त्याचे उत्तर घाईने 'हो' असे देणे सोपे आहे, कारण सोन्याचे नाव घेतले की आपल्याला ते आपल्या घरचेच वाटते. म्हणूनच हा उपक्रम नेमका काय आहे, तो कोठून आला, त्याची परीक्षा कशी झाली आणि आपल्या शास्त्राचा त्याच्याशी खरा संबंध किती, याचा विचार या लेखात आम्ही करीत आहोत.

व्याधीचे स्वरूप

सुवर्णकण-रोपण प्रामुख्याने ज्या व्याधीसाठी केले जाते तो म्हणजे श्वानांचा 'हिप डिस्प्लेशिया'. सुश्रुतांनी वंक्षणसंधीची गणना उलूखल संधींत केली आहे. मांडीच्या अस्थीचे गोलाकार शिर कटीच्या अस्थीतील उखळीत बसावे, अशी त्याची रचना असते. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर, रॉटवायलर यांसारख्या मोठ्या जातींच्या पिलांमध्ये वाढीच्या काळात ही उखळी उथळ राहते, सांध्याचे बंध शिथिल राहतात आणि अस्थिशिर उखळीत नीट न बसता सरकत राहते. वर्षानुवर्षे असे घर्षण झाल्यावर कूर्चा झिजते, सांध्याभोवती नवीन अस्थी वाढते आणि शूल सुरू होतो. अमेरिकेत १९३५ मध्ये श्नेले या पशुवैद्यांनी या विकृतीचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही विकृती मुळात आदिबलप्रवृत्त आहे. बीजदोषाने आलेले संधिशैथिल्य हा पाया आणि उतारवयातील संधिगत वात हे त्यावरचे फळ. प्रसारण-आकुंचनाच्या वेळी वेदना, संधिस्थानी शोथ ही चरकोक्त लक्षणे या प्राण्यांतही दिसतात. परंतु प्राणी ती तोंडाने सांगत नाही. सकाळी उठताना लागणारा वेळ, पायऱ्यांशी अडखळणे, धावताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखे उडी घेणे, मागच्या मांड्या बारीक होत जाणे, यांवरून ती ओळखावी लागतात. क्ष-किरण चित्रात सांधा अतिशय बिघडलेला असूनही प्राणी बऱ्यापैकी हिंडतो आणि चित्र सौम्य असूनही प्राणी लंगडतो, असेही आढळते. या विसंगतीचे महत्त्व पुढे परीक्षणांचा विचार करताना लक्षात येईल.

उपक्रमाचा उगम

ॲक्युपंक्चर ही चीनमधील प्राचीन चिकित्सापद्धती आहे. अमेरिकेतील पशुवैद्यांमध्ये तिचे कुतूहल १९७० च्या दशकात वाढले आणि १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चर संस्था स्थापन झाली. याच काळात ग्रेडी यंग आणि टेरी डर्कीस या अमेरिकन पशुवैद्यांनी एक व्यावहारिक अडचण सोडविण्याचा प्रयत्न केला. जुनाट संधिशूलात सुया टोचून मिळणारा आराम अल्पकाळ टिकतो आणि प्राण्याला वारंवार आणावे लागते. बिंदूच्या ठिकाणी काहीतरी कायमचे ठेवून दिले तर त्या बिंदूला सतत उत्तेजना मिळेल, हा त्यामागील विचार होता. पूर्व आशियातही मनुष्यांच्या शरीरात बिंदूंच्या ठिकाणी सोन्याच्या तारेचे सूक्ष्म तुकडे किंवा विरघळणारा धागा ठेवण्याची प्रथा आहे. कोरिया आणि जपानमधील काही वृद्धांच्या क्ष-किरण चित्रांत असे सोन्याचे तुकडे आजही दिसतात.

डर्कीस यांनी इंडियाना राज्यातील मॅरियन येथील आपल्या चिकित्सालयात ही पद्धत अनेक वर्षे वापरली आणि १९९२ मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. पुढे ती युरोपात, विशेषतः उत्तरेकडील देशांत पोहोचली. तिची गंभीरपणे परीक्षा झाली तीही मुख्यतः तेथेच.

विधी

प्रथम क्ष-किरण चित्र काढून निदान निश्चित केले जाते. लंगडण्याचे कारण गुडघ्यातील स्नायुबंध तुटणे, मणक्यांतील नाडीवर दाब येणे किंवा अस्थीतील अर्बुद असेही असू शकते. अशा प्राण्याच्या वंक्षणसंधीत सोने ठेवून काहीही साधत नाही, उलट खऱ्या व्याधीच्या चिकित्सेला उशीर होतो.

त्यानंतर प्राण्याला भूल दिली जाते. केस कापून त्वचा शस्त्रकर्माप्रमाणे स्वच्छ केली जाते. निर्जंतुक केलेल्या १४ गेजच्या पोकळ सुईतून शुद्ध २४ कॅरट सोन्याचे कण किंवा तारेचे तुकडे सांध्याभोवतीच्या मांसात सोडले जातात. एका कणाचा व्यास सुमारे एक मिलिमीटर आणि लांबी दोन ते तीन मिलिमीटर असते. सोन्याची घनता लक्षात घेता असा एक कण साधारण ३० ते ४५ मिलिग्रॅम भरतो. वंक्षणसंधीसाठी प्रामुख्याने तीन बिंदू घेतले जातात. ते मांडीच्या अस्थीच्या वरच्या बाहेरील उंचवट्याच्या पुढे, मागे आणि वर असे आहेत. ॲक्युपंक्चरच्या भाषेत यांतील दोन बिंदू पित्ताशय-मार्गावरचे आणि एक मूत्राशय-मार्गावरचा मानला जातो. कण सांध्याच्या पोकळीत न सोडता तिच्या बाहेर ठेवले जातात, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. 'सांध्यात सोने बसवतात' ही लोकांची समजूत त्यामुळे बरोबर नाही.

टाके घालावे लागत नाहीत आणि बहुधा त्याच दिवशी प्राणी घरी जातो. परिणाम दिसायचा असेल तर त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात असे सांगितले जाते. कण शरीरात कायम राहतात आणि क्ष-किरण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे स्पष्ट दिसतात. भुलेचा धोका, जंतुसंसर्ग, कण मूळ जागेवरून सरकणे आणि पुढील काळातील चित्रांत त्यांची आडकाठी होणे, हे या उपक्रमाचे संभाव्य दोष होत.

शरीरात सोन्याचे काय होते?

डर्कीस यांनी दिलेले स्पष्टीकरण विद्युतभाराचे होते. रोगी सांध्याभोवती ऋणभार वाढतो आणि सोने धनभार पुरवून तो शमवते, असे ते मानीत. हे स्पष्टीकरण वैज्ञानिक वर्तुळात मान्य झाले नाही. शुद्ध धातू अत्यंत स्थिर असल्यामुळे तो मांसात केवळ पडून राहतो, असाच सर्वसाधारण समज होता.

या समजाला २००२ मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या गोर्म डान्शर यांच्या संशोधनाने धक्का दिला. शरीरात ठेवलेल्या धातुरूप सोन्यापासून सोन्याचे आयन सुटतात आणि ते आसपासच्या पेशींत साठतात, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंजनपद्धतीने दाखविले. परक्या वस्तूला वेढणाऱ्या भक्षकपेशी सोन्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि तेथे त्याचा अत्यल्प अंश विरघळवतात. सुटलेले सोने फार दूर न जाता त्या जागेच्या आसपासच राहते. सोन्याच्या क्षारांची शोथावर क्रिया होते हे आधुनिक वैद्यकाला पूर्वीपासून माहीत होते. फ्रान्समधील फोरेस्टिए यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आमवातसदृश संधिविकारात सोन्याच्या क्षारांचे सूचिकाभरण सुरू केले आणि पुढील अनेक दशके ही चिकित्सा जगभर चालली. त्वचेवरील पुरळ आणि वृक्कांवरील दुष्परिणाम यांमुळे, तसेच नवी औषधे आल्याने ती मागे पडली. धातूच्या कणापासून अगदी स्थानिक स्वरूपात आणि अल्प मात्रेत तीच क्रिया होत असावी, असा तर्क आर्हुसच्या संशोधनानंतर पुढे आला.

येथे सुश्रुतसंहितेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या, प्रणष्टशल्यविज्ञानीय अध्यायात शरीरात राहून गेलेल्या शल्यांचा विचार आहे. सोने, रुपे, तांबे, पितळ, कथील आणि शिसे यांची शल्ये दीर्घकाळ शरीरात राहिल्यास पित्ताच्या तेजाने तापून विलीन होतात आणि धातूंशी एकरूप होतात, असे तेथे सांगितले आहे. शिंग, दात, केस, अस्थी, वेळू, लाकूड, दगड आणि माती यांची शल्ये मात्र विशीर्ण होत नाहीत, असा त्यापुढे भेद केला आहे. आधुनिक सूक्ष्मदर्शकाने २००२ मध्ये जे पाहिले त्याच्याशी या निरीक्षणाचे साम्य विलक्षण आहे, यात शंका नाही. धातुमय शल्य शरीरात निष्क्रिय राहत नाही, शरीराचा अग्नी त्यावर काम करतो, ही दृष्टी आपल्या आचार्यांपाशी होती.

परंतु या साम्यावरून किती निष्कर्ष काढावा याची मर्यादा आपण सांभाळली पाहिजे. सुश्रुतांचा तो अध्याय शल्य कसे शोधावे आणि न काढल्यास त्याचे काय होते, हे सांगणारा आहे. संधिशूलासाठी सोने मुद्दाम शरीरात ठेवावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. सोने विरघळते हे खरे असले तरी त्यामुळे वेदना शमते हे वेगळे विधान आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो. तसेच सुवर्णभस्म आणि हा कण यांची तुलनाही तपासून केली पाहिजे. भस्म शोधन-मारणाच्या संस्कारांतून जाते, अतिसूक्ष्म कणांच्या रूपात मुखावाटे अनुपानासह दिले जाते आणि रसायन म्हणून त्याचा विचार केला जातो. रोपणाचा कण संस्काररहित धातू असतो, तो एका जागी ठेवला जातो आणि तेथेच राहतो. दोहोंत मूळ धातू एक आहे, कल्पना मात्र एक नाही.

मर्म आणि ॲक्युपंक्चरचे बिंदू

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. ॲक्युपंक्चरचे बिंदू म्हणजेच आपली मर्मे, असे अलीकडे अनेक व्याख्यानांतून सांगितले जाते. कटीकतरुण, कुकुंदर, नितंब ही मर्मे श्रोणीच्या प्रदेशातच असल्यामुळे वरील तीन बिंदूंशी त्यांची सांगड घालण्याचा मोह होतो. पण मर्माची व्याख्या आणि त्यामागील हेतू लक्षात घेतला तर दोहोंत मूलभूत विरोध दिसतो. मर्म हे मांस, सिरा, स्नायू, अस्थी आणि संधी यांचे संनिपातस्थान आहे. त्यावर आघात झाल्यास विकलता, वेदना किंवा मृत्यू संभवतो. शस्त्रकर्म करताना ती टाळावीत, असा शल्यतंत्राचा आग्रह आहे. ॲक्युपंक्चरचा बिंदू मात्र वेधनासाठीच निवडलेला असतो. एक जपण्याचे स्थान आहे तर दुसरे टोचण्याचे. दोन्ही शास्त्रांचा आदर राखायचा असेल तर त्यांना एकमेकांत मिसळू नये, असे आमचे मत आहे. आपल्या संहितांत जवळचे काही शोधायचेच असेल तर सिरावेध आणि अग्निकर्म यांचा विचार करता येईल. पण त्यांची उपपत्तीही स्वतंत्र आहे.

परीक्षणांनी काय दाखविले?

कोणत्याही उपक्रमाची परीक्षा शेवटी रुग्णावर होते. सुवर्णकण-रोपणाच्या बाबतीत तीन परीक्षणे विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिले २००१ मध्ये फिनलंडमधून प्रसिद्ध झाले. वंक्षणसंधीच्या या विकाराने पीडित ३८ श्वानांचे दोन गट केले गेले. एका गटात बिंदूंवर सोन्याची तार ठेवली गेली. दुसऱ्या गटात बिंदू सोडून अन्यत्र त्वचेला केवळ सुई टोचली गेली. कोणत्या श्वानाला काय मिळाले हे मालकांना आणि परीक्षण करणाऱ्या पशुवैद्यांना माहीत नव्हते. परिणाम असा झाला की दोन्ही गटांतील श्वानांची हालचाल सुधारली आणि वेदनेची लक्षणे कमी झाली. दोन गटांमध्ये संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक मात्र आढळला नाही.

दुसरे परीक्षण अमेरिकेत झाले आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात चालताना प्रत्येक पाय जमिनीवर किती भार देतो हे मोजणाऱ्या यंत्रपट्टिकेवरून श्वानांना चालविले गेले. दुखरा पाय प्राणी कमी टेकतो, म्हणून ही मोजणी डोळ्यांच्या अंदाजापेक्षा अधिक विश्वासार्ह मानली जाते. रोपणामुळे चालण्यात सुधारणा झाल्याचे या मोजणीत सिद्ध झाले नाही.

तिसरे नॉर्वेमधील असून ते २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ८० श्वान होते, म्हणजे आधीच्या फिनिश परीक्षणाच्या दुपटीहून अधिक. सहा महिन्यांच्या निरीक्षणानंतर सोने मिळालेल्या गटात वेदना अधिक कमी झाल्या आणि हालचाल अधिक सुधारली, आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होता. याच श्वानांचा दोन वर्षांपर्यंतचा पाठपुरावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि परिणाम टिकून असल्याचे त्यात सांगितले गेले. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. पहिल्या सहा महिन्यांनंतर कोणाला काय मिळाले हे उघड करण्यात आले होते. त्यामुळे पुढील दीड वर्षाच्या निरीक्षणाला पहिल्या सहा महिन्यांइतके वजन देता येत नाही.

म्हणजे तीनपैकी दोन परीक्षणे प्रतिकूल आणि एक, त्यातल्या त्यात मोठे, अनुकूल. यावरून 'हा उपक्रम निरुपयोगी आहे' असे म्हणता येत नाही आणि 'सिद्ध आहे' असेही म्हणता येत नाही. झिजलेला सांधा पूर्ववत होतो, असे तर यांपैकी कोणीही सिद्ध केलेले नाही.

आम्हांला या परीक्षणांत सर्वांत बोधप्रद वाटले ते त्यांतील सोने न मिळालेले श्वान. नॉर्वेच्या परीक्षणातही या गटातील निम्म्याहून अधिक श्वान मालकांच्या दृष्टीने सुधारले होते. मुक्या जनावराला औषधावर श्रद्धा नसते, म्हणून त्याच्यात दिसलेला गुण हा औषधाचाच असला पाहिजे, हा युक्तिवाद आपण अनेकदा ऐकतो, आणि क्वचित स्वतःही करतो. तो येथे कोसळतो. श्रद्धा प्राण्याला नसली तरी त्याचे निरीक्षण करणाऱ्या मालकाला असते. उपचार झाल्यावर मालक प्राण्याकडे अधिक लक्ष देतो, त्याचे फिरणे नियमित करतो, खाण्यावर नियंत्रण आणतो. शिवाय संधिशूल हा मुळातच कमी-अधिक होणारा विकार आहे. शूल पराकोटीला गेल्यावर प्राणी चिकित्सेसाठी आणला जातो आणि त्यानंतर तो काही अंशी आपोआप उतरतो. मनुष्यांतील संधिवाताच्या आपल्या चिकित्सेतही हेच घडत असते. आपल्या कल्पांचे गुण सांगताना तुलनेचा गट का हवा, हे मुक्या रुग्णांनीच आपल्याला शिकविले असे म्हणावे लागेल.

निश्चित उपयोगी असे काय?

रोपणाविषयी मतभेद असले तरी या व्याधीत एका गोष्टीविषयी पुरावा भक्कम आहे आणि ती आपल्या शास्त्राच्या अगदी जवळची आहे. ती म्हणजे मिताहार. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर श्वानांच्या जोड्या लावून एक दीर्घ अभ्यास झाला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न जन्मभर दिले गेले. कमी अन्न मिळालेल्या श्वानांत वंक्षणसंधीची झीज उशिरा आणि कमी प्रमाणात दिसली आणि त्यांचे आयुष्य मध्यमानाने सुमारे १.८ वर्षांनी अधिक भरले.

शहरांतील सदनिकांत वाढणाऱ्या श्वानाचा दिनक्रम पाहिला तर या निष्कर्षाचे मोल कळते. घरातील प्रत्येकाच्या ताटातील पोळीचा तुकडा, चहाबरोबरची बिस्किटे, रात्रीचा दूधभात आणि दिवसभर गुळगुळीत फरशीवर लोळणे, हे स्थौल्याचे निदान आपण मनुष्यांतही ओळखतो. वजन कमी करणे, बेताचे आणि नियमित चालणे, शक्य असेल तेथे पोहणे, घसरणाऱ्या फरशीवर सतरंजी किंवा रबरी पट्टी अंथरणे, जिना आणि उड्या टाळणे, निजण्याची जागा उबदार व मऊ ठेवणे, हे उपाय खर्चाचे नाहीत. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी, हे सूत्र येथे अक्षरशः लागू पडते. वैद्याने एवढेच सांगितले तरी त्या प्राण्याचे कल्याण होते आणि कोणत्याही नियमाचे उल्लंघन होत नाही.

वैद्य आणि औषधविक्रेते यांची मर्यादा

हा भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुचिकित्सेचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. बी.ए.एम.एस. ही पदवी आपल्याला मनुष्यांच्या चिकित्सेचा अधिकार देते. तेव्हा सुवर्णकण-रोपण तर दूरच, परिचिताच्या श्वानाला चिठ्ठी लिहून देणेही आपल्या अधिकारकक्षेबाहेरचे आहे. दुसरीकडे, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि प्राणी या दोहोंच्या व्याधींसाठीची औषधे येतात. म्हणजे प्राण्यांसाठी आयुर्वेदीय कल्प रीतसर परवान्याने बनविता येतात. मात्र मनुष्यांसाठीचा कल्प अंदाजाने मात्रा कमी करून प्राण्याला देणे म्हणजे तो कल्प प्राण्यासाठी झाला असे नव्हे. जाहिरातींच्या बाबतीतही हेच. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मधील 'औषध' या शब्दात प्राण्यांसाठीचे औषधही अंतर्भूत आहे, हे आपल्या औषधालयाच्या फलकावर 'श्वानांच्या संधिवातावर हमखास' असे लिहिण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

कायद्याचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी प्राण्याच्या जिवाचा प्रश्न उरतो. मनुष्याला हितकर असलेली आपली अनेक द्रव्ये श्वान व मार्जार यांना घातक आहेत. औषधालयाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याने पुढील गोष्टी पाठच करून ठेवाव्यात.

लसूण आणि कांदा यांमुळे श्वान व मार्जार यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून पांडुता येते. वातशमनासाठी प्रसिद्ध असलेले रसोनपाक, लशुनक्षीर, लशुनादि वटी हे कल्प त्यामुळे या प्राण्यांना वर्ज्य होत.

द्राक्षे आणि मनुका यांनी श्वानांत वृक्कांचा तीव्र विकार होऊ शकतो. द्राक्षासवात द्राक्षा असते हे नावावरूनच कळते. पण ती दशमूलारिष्टातही असते, हे विसरले जाते. शिवाय आसवारिष्टांतील मद्यांश या प्राण्यांना सोसत नाही.

कुचल्यातील विषद्रव्याला श्वान अत्यंत संवेदनशील असतो. एके काळी मोकाट कुत्री मारण्यासाठी तेच विषद्रव्य वापरले जात असे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारखे कल्प वातव्याधीसाठी म्हणून प्राण्याला देण्याचा विचारही करू नये. वत्सनाभयुक्त कल्पांविषयीही तेवढीच सावधगिरी हवी.

मधुमेही रुग्णांसाठीच्या साखररहित कल्पांत झायलिटॉल हे गोड द्रव्य असू शकते. श्वानात त्याने रक्तशर्करा एकदम खाली येते आणि यकृताला इजा होते.

ज्या दुकानांत आधुनिक औषधेही ठेवली जातात तेथे वेदनाशामकांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. पॅरासिटामॉलची मनुष्यमात्रेची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांनी श्वानाच्या आमाशयात व्रण होऊन रक्तस्राव होतो. डायक्लोफेनॅकचा इतिहास तर आपल्या देशाला ठाऊकच आहे. हे औषध दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे लक्षावधींनी मेली. त्यामुळे पशूंसाठी त्याच्या उत्पादनावर २००६ मध्ये बंदी आली, मनुष्यांसाठीच्या मोठ्या कुप्यांवर २०१५ मध्ये बंदी घालण्यात आली आणि २०२३ मध्ये पशूंसाठीच्या किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. मनुष्यासाठीची कुपी गोठ्यासाठी मागणाऱ्याला ती देणे म्हणजे या बंदीला आडवाटेने हरताळ फासणे होय.

पृच्छकाला काय सांगावे?

कोणी सोन्याच्या कणांविषयी विचारलेच, तर वैद्याने पुढील चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही सुचवितो. पहिली, हा ॲक्युपंक्चरवर आधारलेला परदेशी पशुवैद्यांचा उपक्रम आहे, आयुर्वेदाचा नाही. दुसरी, त्याच्या परीक्षणांचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. काही प्राण्यांना त्याचा लाभ होत असावा, पण तशी हमी कोणीही देऊ शकत नाही. तिसरी, त्याआधी निश्चित निदान, वजन कमी करणे, योग्य व्यायाम आणि पशुवैद्याने ठरविलेले श्वानांसाठीचे वेदनाशामक या पायऱ्या पार केलेल्या असाव्यात. चौथी, निर्णय नोंदणीकृत पशुवैद्याच्या सल्ल्यानेच व्हावा आणि त्यांना, प्राण्याला घरी दिलेल्या प्रत्येक औषधाची, मग ते काढा असो की वटी, पूर्ण माहिती द्यावी.

आपल्या क्षेत्रातील संशोधकांना येथे काम करण्यास वाव निश्चित आहे. पशुवैद्यक महाविद्यालये आणि आयुर्वेद महाविद्यालये यांनी मिळून श्वानांच्या संधिविकारात शल्लकी, गुग्गुळ यांसारख्या द्रव्यांची सुरक्षित मात्रा, परिणाम आणि विषाक्तता तपासावी. त्यात तुलनेचा गट असावा, मोजणी करणाऱ्याला कोणाला काय दिले हे ठाऊक नसावे आणि भारमापक पट्टिकेसारख्या वस्तुनिष्ठ साधनांचा वापर व्हावा. पालकाप्यांनी हत्तीसाठी मनुष्याचे शास्त्र तसेच्या तसे उचलले नाही. हत्तीची प्रकृती, त्याचे व्याधी आणि त्याची मात्रा यांचा स्वतंत्र ग्रंथ रचला. श्वान आणि मार्जार यांच्यासाठीही तितकेच स्वतंत्र परिश्रम घ्यावे लागतील.

तोपर्यंत आपल्या चिकित्सालयात आलेल्या पृच्छकाला "हे मला करता येणार नाही, पण कोठे जावे ते सांगतो" असे म्हणण्यात वैद्याला कोणताही कमीपणा नाही. आपल्या गावातील विश्वासू पशुवैद्याचे नाव आणि पत्ता प्रत्येक वैद्याने व औषधविक्रेत्याने आपल्या मेजाच्या खणात ठेवावा. दुखणाऱ्या त्या मुक्या जिवासाठी आज आपल्या हातून होण्यासारखे हेच सर्वांत हितकर आहे.